उबुंटूवर पॅकेज अपग्रेड करताना: ‘वाय’ दाबण्याआधी काय वाचायचं

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर सगळी पॅकेजं (सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे) नवी करायला ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ म्हटलं की टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, भराभर ओळी सरकतात, शेवटी ‘डू यू वॉन्ट टू कंटिन्यू?’ असा प्रश्न येतो आणि आपण वाय दाबून एंटर मारतो. तीन वर्षं मीही हेच करत होतो. एका संध्याकाळी प्रिंटरचा ड्रायव्हर बसेना, म्हणून कुठल्याशा संकेतस्थळावरून डेब फाइल, म्हणजे एका पॅकेजची फाइल, उतरवून घेतली. ती अर्धवट बसली. ॲप्ट, म्हणजे पॅकेजं सांभाळणारं साधन, म्हणालं दुरुस्त करतो, मी वाय दाबलं. सकाळी लॅपटॉप सुरू केला तर काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन:’ एवढंच. डेस्कटॉपच उडाला होता.

नंतर लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, उघडून पाहिला. ॲप्टने काढून टाकलेल्या पॅकेजांत उबुंटू-डेस्कटॉप, ग्नोम-शेल, जीडीएम३ ही डेस्कटॉप आणि लॉगिनचा पडदा दाखवणारी नावं स्वच्छ लिहिलेली होती. हीच यादी आदल्या संध्याकाळी माझ्यासमोर पडद्यावर आली होती. ती मी वाचली नव्हती.

लिनक्सवर नव्याने येणाऱ्यांचा हा फेरा टळावा म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे. डोळ्यांसमोर उबुंटूच्या २२.०४ आणि २४.०४ या आवृत्त्या आहेत. लिनक्स मिंट आणि डेबियनवरही ॲप्टच असतं, त्यामुळे बहुतेक गोष्टी तिथेही जशाच्या तशा चालतील. फेडोरावर डीएनएफ आहे, तिथल्या कमांड वेगळ्या.

कमांड इथे उच्चारतो तशा देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. ॲप्ट म्हणजे ए-पी-टी ही तीन अक्षरं, सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, डीपीकेजी ही चार अक्षरं. दोन आडव्या रेघा दिसतील तिथे दोनच द्यायच्या, मध्ये जागा सोडायची नाही.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- चार्जर लावलेला लॅपटॉप. बॅटरी भरलेली असली तरी चार्जर लावाच.
- डिस्कवर मोकळी जागा. रोजच्या अपडेटला २-३ जीबी पुरते, आवृत्ती बदलायची असेल तर मी १५-२० जीबी मोकळी केल्याशिवाय हात लावत नाही.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क.
- उबुंटूचा लाइव्ह यूएसबी, म्हणजे ज्यावरून मशीन थेट सुरू करता येते असा पेनड्राइव्ह. २४.०४ ची फाइल साधारण ६ जीबीची आहे, म्हणून पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या.
- फोन आणि त्याची डेटा केबल. वायफाय गेलं तर यूएसबी टेदरिंगवर इंटरनेट मिळतं, आणि माझा डेस्कटॉप परत आला तो याच केबलवर.

१. आधी डिपेंडन्सी म्हणजे काय ते समजून घ्या

विंडोजवर बहुतेक सॉफ्टवेअर आपली शिदोरी बरोबर घेऊन येतात. उबुंटूवर स्वयंपाकघर सामाईक असतं. फाइल उघडणं, मेमरी मागणं अशी मूलभूत कामं करणारी लायब्ररी, म्हणजे एलआयबीसी६ हे पॅकेज, मशीनवर एकदाच असतं आणि जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तेच वापरतो. प्रत्येक पॅकेजसोबत एक चिठ्ठी असते: मला अमुक लायब्ररी हवी, तमुक आवृत्तीची किंवा त्याहून नवी. या चिठ्ठीतल्या मागण्या म्हणजे डिपेंडन्सी.

काम दोघांत वाटलेलं आहे. डीपीकेजी एकेक पॅकेज उघडून जागेवर बसवतं. कोणत्या पॅकेजला काय लागतं, ते कुठून आणायचं, आधी कोण आणि मग कोण, हा हिशेब ॲप्ट करतं. हिशेब जुळत नसेल तर ॲप्ट दोनच गोष्टी करू शकतं: थांबतं, किंवा काहीतरी काढून टाकून हिशेब जुळवतं. धोका या दुसऱ्या गोष्टीत आहे.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घ्या. तुमच्याकडे २२.०४ आहे आणि कुणीतरी २४.०४ साठी तयार केलेली डेब फाइल तुम्ही आणली. संदेश येतो की हे पॅकेज एलआयबीसी६ ची २.३८ किंवा त्याहून नवी आवृत्ती मागतंय, पण २.३५ आहे. २२.०४ मध्ये ही लायब्ररी २.३५ आहे, २४.०४ मध्ये २.३९. याचा अर्थ एवढाच की फाइल तुमच्या घरासाठी बनलेली नाही. इथे नवे लोक ‘मग नवी एलआयबीसी६ आणून बसवू’ असं म्हणतात. ते कधीही करू नका. त्या एका लायब्ररीवर सगळी मशीन उभी असते. ती हलली तर टर्मिनलमधली साधी एलएस कमांडसुद्धा चालेनाशी होऊ शकते. त्या सॉफ्टवेअरची २२.०४ साठीची फाइल शोधा, नाहीतर पाचव्या पायरीतला फ्लॅटपॅकचा मार्ग घ्या.

२. तुमच्या मशीनवर माल कुठून येतो ते तपासा

माझं ठाम मत आहे की अपग्रेडमध्ये जी मोडतोड होते तिचं मूळ बहुतेक वेळा उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजांत नसतं. ते आपण मध्ये मध्ये बाहेरून आणून जोडलेल्या गोष्टींत असतं. म्हणून अपग्रेडच्या आधी ही झडती घ्यायचीच.

उबुंटूच्या अधिकृत रिपॉझिटरीचे, म्हणजे पॅकेजांच्या ऑनलाइन कोठाराचे, चार भाग आहेत: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स, मल्टिव्हर्स. एका आवृत्तीतली ही सगळी पॅकेजं एकमेकांसोबत बसावीत अशीच बांधलेली असतात. बाहेरचे दरवाजे कोणते उघडे आहेत ते इथे दिसतं:

एलएस /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट.डी

या फोल्डरमधली प्रत्येक फाइल म्हणजे एक दरवाजा. २४.०४ पासून उबुंटूची स्वतःची यादीही इथेच ‘उबुंटू.सोर्सेस’ नावाच्या फाइलमध्ये असते, तिला हात लावू नका. बाकी फाइली पीपीएच्या (कुणीतरी स्वतःची पॅकेजं ठेवायला बनवलेल्या खासगी रिपॉझिटरीच्या), ब्राउझरच्या, कोड एडिटरच्या असतील. प्रत्येकीकडे बघून स्वतःला विचारा: हे सॉफ्टवेअर मी अजून वापरतो का? दोन वर्षांपूर्वी एखाद्या लेखात वाचून जोडलेला आणि आता कुणी सांभाळत नसलेला पीपीए हा अपग्रेडमधला सगळ्यात मोठा काटा असतो.

नको असलेला पीपीए काढताना नुसती फाइल पुसणं पुरत नाही. त्यातून आलेली पॅकेजं मशीनवर तशीच राहतात, आवृत्ती उबुंटूपेक्षा वरची, आणि ॲप्ट आपणहून आवृत्ती खाली उतरवत नाही. त्यासाठी पीपीए-पर्ज नावाचं छोटं साधन आहे. ते त्या पीपीएची पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर परत आणतं आणि मग दरवाजा बंद करतं.

एखाद्या पॅकेजबद्दल शंका असेल तर:

ॲप्ट पॉलिसी आणि पुढे पॅकेजचं नाव

इन्स्टॉल्ड म्हणजे आत्ता बसलेली आवृत्ती, कँडिडेट म्हणजे ॲप्ट बसवू पाहतंय ती. खाली प्रत्येक आवृत्ती कोणत्या सर्व्हरवरून येते तेही लिहिलेलं असतं. ही कमांड काहीही बदलत नाही, नुसतं दाखवते. एवढी एक पाठ केलीत तरी निम्मे प्रश्न सुटतात.

याच्या जोडीला ‘ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड’ चालवून ज्या ओळींच्या शेवटी कंसात ‘लोकल’ आहे त्या बघा. ही पॅकेजं आता कुठल्याच रिपॉझिटरीत नाहीत. हाताने बसवलेल्या डेब फाइली आणि जुन्या आवृत्तीतली उरलीसुरली पॅकेजं इथे सापडतात. नावं वहीत लिहून ठेवा.

जुन्या लेखांत ‘ॲप्ट-की’ वापरून किल्ली (पॅकेज खरंच त्या रिपॉझिटरीचं आहे का हे तपासायची डिजिटल खूण) जोडायला सांगितलेलं दिसेल. ती पद्धत मोडीत निघाली आहे, कारण तशी जोडलेली किल्ली सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वासू ठरायची. आता किल्ली /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज या फोल्डरमध्ये ठेवतात आणि ती कोणत्या एका रिपॉझिटरीसाठी आहे ते त्या रिपॉझिटरीच्या सोर्सेसच्या फाइलमध्येच नोंदवतात. एखादा लेख अजून ॲप्ट-की सांगत असेल तर तो जुना आहे असं समजून पुढे जा.

३. परतीची वाट तयार ठेवा

दोन वेगळे बॅकअप लागतात आणि नवे लोक इथे गल्लत करतात. टाइमशिफ्ट हे साधन सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतं: पॅकेजं, सेटिंग्ज, कर्नल (सिस्टिमचा गाभा). तुमचे फोटो, कागदपत्रं असलेलं होम फोल्डर ते मूळ सेटिंगमध्ये घेतच नाही. त्यामुळे होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर वेगळं कॉपी करा.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीच असतं, उबुंटूवर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल टाइमशिफ्ट’ करावं लागतं. स्नॅपशॉट ज्या डिस्कवर ठेवायचा ती लिनक्सच्या फाइल सिस्टिमची, म्हणजे ईएक्सटी४ सारखी हवी. दुकानातून आणलेली एनटीएफएसची डिस्क टाइमशिफ्ट स्वीकारत नाही. हे ऐन वेळी कळलं की लोक बॅकअप न घेताच पुढे जातात, म्हणून आदल्या दिवशीच बघून ठेवा.

४. नेहमीचं अपडेट, आणि यादी कशी वाचायची

पहिली कमांड:

सुडो ॲप्ट अपडेट

नाव अपडेट असलं तरी ही काहीच बसवत नाही. रिपॉझिटरीत कोणत्या नव्या आवृत्त्या आल्या याची ताजी यादी फक्त आणते. इथे ‘एर्र’ किंवा ‘डब्ल्यू’ने सुरू होणारी ओळ दिसली तर पुढे जाऊ नका. ती बहुधा दुसऱ्या पायरीतल्या एखाद्या दरवाजाची असते: सर्व्हर बंद पडलेला, किल्ली जुनी झालेली. आधी ते मिटवा.

मग:

ॲप्ट लिस्ट --अपग्रेडेबल
सुडो ॲप्ट अपग्रेड

आता प्रश्न येईल. वाय दाबण्याआधी वर सरका आणि हे गट शोधा.

‘विल बी अपग्रेडेड’: नेहमीचा गट, लांबलचक असतो, नुसती नजर टाका.

‘न्यू पॅकेजेस विल बी इन्स्टॉल्ड’: नवी लायब्ररी किंवा नवं कर्नल. चारदोन नावं असतील तर ठीक. अचानक पन्नास दिसली तर कारण शोधा.

‘विल बी रिमूव्ह्ड’: इथे थांबा. प्रत्येक नाव वाचा. साधा ‘ॲप्ट अपग्रेड’ आधी बसलेलं पॅकेज काढत नाही, पण ‘फुल-अपग्रेड’, ‘इन्स्टॉल’ आणि ‘--फिक्स-ब्रोकन’ या तिन्ही कमांड काढू शकतात. उबुंटू-डेस्कटॉप, ग्नोम-शेल, जीडीएम३, नेटवर्क-मॅनेजर, सुडो, किंवा एलआयबीसी६ यांतलं एकही नाव दिसलं तर एन दाबा. एनने काहीही बिघडत नाही, मशीन आहे तशीच राहते.

हे फक्त नवख्यांचं होतं असं समजू नका. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूब वाहिनीच्या निवेदकाने पॉप ओएस या उबुंटूवर आधारलेल्या प्रणालीवर स्टीम हे गेमचं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. रिपॉझिटरीत त्या वेळी डिपेंडन्सी जुळत नव्हत्या, आणि ॲप्टने डेस्कटॉप काढून टाकायचा मार्ग पुढे केला. ‘येस, डू ॲज आय से!’ हे पूर्ण वाक्य टाइप केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप गेला. ॲप्टच्या ३.० आवृत्तीत, म्हणजे डेबियन १३ मध्ये आहे तीत, काढायच्या पॅकेजांची यादी लाल रंगात येते. २२.०४ आणि २४.०४ वर मात्र सगळं एकाच रंगात असतं, त्यामुळे डोळ्यांनाच काम करावं लागतं.

शेवटचा गट ‘केप्ट बॅक’. हा दिसला की नवे लोक घाबरतात किंवा लगेच फुल-अपग्रेड मारतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. उबुंटू आपली बरीच अपडेट टप्प्याटप्प्याने सोडतं, सुरुवातीला साधारण १० टक्के मशीनना, तक्रारी आल्या नाहीत तर हळूहळू सगळ्यांना. तुमची पाळी आलेली नसते, एवढंच. २४.०४ वर तसा खुलासाही येतो, ‘डिफर्ड ड्यू टू फेजिंग’ असा. दोन-चार दिवस थांबा. आठवडा उलटून गेला तरी तेच पॅकेज अडकलेलं असेल तर ॲप्ट पॉलिसीने बघा, बहुधा एखादा पीपीए आडवा आलेला सापडेल.

एखादी गोष्ट प्रत्यक्षात न करता नुसती बघायची असेल तर कमांडमध्ये ॲप्टनंतर ‘-एस’ घाला. सगळी यादी दिसते, बदल शून्य.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी: ‘सुडो ॲप्ट अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली’ने फाइली फक्त उतरतात. रात्री डेटा शिल्लक असताना उतरवून ठेवा आणि सकाळी निवांत बसवा. नेट मध्येच तुटलं तरी काही अर्धवट राहत नाही.

५. बाहेरचं सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर

माझा क्रम ठरलेला आहे: आधी उबुंटूची रिपॉझिटरी, मग फ्लॅटपॅक किंवा स्नॅप, मग त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची डेब फाइल, आणि पीपीए सगळ्यात शेवटी.

फ्लॅटपॅक आणि स्नॅप आपल्या लायब्ररी स्वतःसोबत आणतात, सामाईक स्वयंपाकघरात शिरत नाहीत. डिस्कची जागा जास्त जाते हे खरं, पहिल्या फ्लॅटपॅकला तर एखादा जीबी सहज लागतो. पण नवी आवृत्ती हवी आणि मशीन जुनीच राहू द्यायची असेल तर याहून सुरक्षित मार्ग नाही. स्नॅप आपोआप अपडेट होतात. एखादं बिघडलं तर ‘स्नॅप रिव्हर्ट’ने मागची आवृत्ती परत मिळते. उबुंटूवर फायरफॉक्स २२.०४ पासून आणि थंडरबर्ड २४.०४ पासून स्नॅपमध्येच येतात.

डेब फाइल बसवताना जुने लेख ‘डीपीकेजी -आय’ सांगतात. डीपीकेजीला डिपेंडन्सी आणता येत नाहीत, त्यामुळे पॅकेज अर्धवट लटकतं. माझ्या प्रिंटरचं तेच झालं. त्याऐवजी फाइल जिथे आहे त्या फोल्डरमध्ये जाऊन:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचं-नाव.डेब

सुरुवातीचा टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका, नाहीतर ॲप्ट ते नाव रिपॉझिटरीत शोधायला जातं. या मार्गाने हिशेब जुळत नसेल तर काहीही बसण्याआधीच कळतं.

२४.०४ वर आलेल्यांना आणखी एक कोडं भेटतं. ‘एलआयबीअसाउंड२’ बसवा असं कुठेतरी लिहिलेलं असतं आणि ॲप्ट म्हणतं की हे व्हर्च्युअल पॅकेज आहे, नेमकं कोणतं ते सांगा. ३२ बिट मशीनवर वेळेचा आकडा २०३८ साली संपतो. तो ६४ बिटचा करण्यासाठी २०२४ मध्ये डेबियन आणि उबुंटूने शेकडो लायब्ररी पुन्हा बांधल्या आणि त्यांच्या नावापुढे ‘टी६४’ लावलं. म्हणून तिथे ‘एलआयबीअसाउंड२टी६४’ असं लिहा, बसेल. अशा वेळी जुन्या आवृत्तीची लायब्ररी कुठून तरी शोधून आणायची नाही. २२.०४ वर एलआयबीएसएसएल१.१ च्या बाबतीत अनेकांनी ते केलं. उबुंटूने तिथे त्या लायब्ररीच्या जागी ओपनएसएसएल ३ आणलं होतं, आणि जुनं सॉफ्टवेअर चालावं म्हणून लोक जुनी लायब्ररी हाताने बसवत राहिले. ती लायब्ररी त्यानंतर कधी सुरक्षेचं अपडेट घेत नाही, आणि ती एनक्रिप्शनची लायब्ररी आहे.

६. पायथनला हात लावू नका

ही पायरी छोटी आहे, पण कॉलेजच्या मुलांच्या मशीन मी सगळ्यात जास्त इथेच बिघडलेल्या पाहिल्या. उबुंटूची स्वतःची कितीतरी साधनं पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात. २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. ‘पायथन३’ हे नाव दुसऱ्या आवृत्तीकडे वळवलं की टर्मिनलच उघडत नाही, कारण उबुंटूत ग्नोम टर्मिनल सुरू करणारी छोटी फाइल पायथनमध्ये लिहिलेली आहे.

२४.०४ वर पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) काही बसवायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा नकार येतो. तो मोडून काढायचा पर्यायही तिथेच लिहिलेला असतो. तो वापरू नका. प्रत्येक प्रोजेक्टसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सिस्टिमपासून वेगळी पायथनची जागा, बनवा, किंवा ती आपोआप बनवणारं पिपएक्स वापरा.

७. मध्येच अडकलं तर

‘कुड नॉट गेट लॉक’: दुसरं कुणीतरी आत्ता पॅकेजं बसवतंय. उबुंटू सुरक्षेची अपडेट रोज आपोआप बसवतं, बहुधा तेच चाललेलं असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल पुसून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकून दोघं एकाच वेळी डेटाबेसमध्ये लिहायला लागले तर नोंदीच विस्कटतात.

अपग्रेड चालू असताना वीज गेली तर काय, याचं उत्तर मला ताईमुळे मिळालं. ती गावी क्लास घेते, तिच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली, सगळं चार्जरवर. अपग्रेड निम्मं झालं आणि वीज गेली. तासाभराने तिचा फोन आला.

“अरे, इथे ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ म्हणतंय. सगळं पुसून परत टाकू का?”

“ताई, काहीही पुसू नकोस. त्याच ओळीत पुढे काय लिहिलंय ते वाच.”

तिने एकेक अक्षर वाचून दाखवलं. उपाय त्या संदेशातच होता:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए

पाच मिनिटं ओळी सरकत राहिल्या, मग कर्सर परत आला. त्यानंतर तिला ही दुसरी कमांड दिली:

सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

इथे यादी आली. काढायच्या गटात काही आहे का ते तिने वाचून सांगितलं. नव्हतं. मग वाय. संध्याकाळचा क्लास त्याच लॅपटॉपवर झाला. क्रम हाच ठेवा: आधी कॉन्फिगर, मग फिक्स-ब्रोकन, आणि दुसरीच्या वेळी यादी वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

डेस्कटॉपच गेला असेल तर घाबरू नका, फाइली जागेवर असतात. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, नाव आणि पासवर्ड देऊन आत या, फोन केबलने जोडून टेदरिंग चालू करा. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप’. काय काय गेलं होतं ते /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि दिलेल्या कमांडसकट मिळतं. ‘रिमूव्ह’ने सुरू होणारी ओळ शोधा.

कधी कधी अपग्रेड मध्येच थांबून विचारतं की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, तुमची ठेवू की नवी घेऊ? डी दाबलं की दोन्हींतला फरक दिसतो. ती फाइल बदलल्याचं आठवत असेल तर एन म्हणजे आपलीच ठेवा. आठवत नसेल तर फरक बघून ठरवा. नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच राहते.

८. आवृत्ती बदलताना: २२.०४ वरून २४.०४

एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीला ५ वर्षं नेहमीची अपडेट मिळतात, म्हणजे २२.०४ ला २०२७ पर्यंत घाई नाही. २४.०४ आली २५ एप्रिल २०२४ ला, पण २२.०४ वाल्यांना उबुंटू ती लगेच देत नाही, पहिली सुधारित आवृत्ती निघेपर्यंत थांबवतं. २४.०४.१ निघाली २९ ऑगस्टला. त्यानंतरही अपग्रेडच्या साधनातच एक गंभीर दोष सापडला आणि हा मार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला होता. म्हणून माझा नियम: सूचना दिसल्यावर आणखी महिनाभर थांबायचं. आधीच जायची सक्ती करणारा ‘-डी’ पर्याय कामाच्या मशीनवर वापरायचा नाही.

त्या दिवशी दुसरं काम ठेवू नका. दुसरी आणि तिसरी पायरी पुन्हा करा. सध्याच्या आवृत्तीतली सगळी अपडेट घेऊन रीस्टार्ट करा, मग:

सुडो डू-रिलीज-अपग्रेड

हे साधन बाहेरचे सगळे दरवाजे स्वतः बंद करतं आणि शेवटी कालबाह्य पॅकेजं काढू का असं विचारतं. तिथे ‘डी’ देऊन यादी बघता येते, वहीतल्या नावांशी ताडून पाहा. बाहेरचे दरवाजे नंतर एकेक करून, नव्या आवृत्तीसाठी ते उपलब्ध आहेत का हे पाहूनच उघडा. सोर्सेसच्या फाइलमध्ये ‘जॅमी’च्या (२२.०४ चं नाव) जागी ‘नोबल’ (२४.०४ चं नाव) लिहून अपग्रेड मारायचा सल्ला कुणी दिला तर उबुंटूवर तो मानू नका. डू-रिलीज-अपग्रेड वाटेत ज्या अडचणी सांभाळून घेतं त्या सगळ्या तुमच्या अंगावर येतील.

९. झाल्यावर

रीस्टार्ट करा. चालू झालं नाही, तर सुरुवातीला शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबच्या (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत जा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडा. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर ही वाट लक्षात ठेवा, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर तयार झाला नाही की पडदा काळा राहतो.

जुनी कर्नल साठून राहतात. डिस्क एनक्रिप्ट केलेली असेल तर /बूट हे वेगळं, लहान विभाजन असतं आणि ते भरलं की पुढचं अपग्रेड अर्ध्यात अडकतं. आठवडाभर सगळं नीट चाललं की:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

इथेही यादी येतेच. तुम्ही वापरता असं एखादं नाव त्यात दिसलं तर एन दाबा आणि ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ लिहून पुढे त्याचं नाव द्या. मग ॲप्ट ते आपोआप काढायच्या यादीत धरत नाही.

शेवटी मराठी तपासा. सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या यादीत तुमचा मराठी लेआउट आहे का पाहा. आयबस या टायपिंगच्या साधनातून टाइप करत असाल तर आयबस-एम१७एन हे पॅकेज अजून बसलेलं आहे का ते ‘ॲप्ट पॉलिसी’ सांगेल. बसवलंत की लॉग-आउट करून परत या, त्याशिवाय लेआउट यादीत दिसत नाही. मग लिबरऑफिसमध्ये एखादं जुनं पत्र उघडा. जोडाक्षरं तुटलेली किंवा अक्षरांचा आकार बदललेला दिसला तर आधीचा फॉन्ट गेला आहे. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-देवा’ केलंत की लोहित, नकुल, सहदेव असे देवनागरी फॉन्ट एकदम परत येतात. ‘ज्ञानेश्वर’, ‘कृष्ण’, ‘सुऱ्या’ हे तीन शब्द टाइप करून बघा. सुऱ्यातला अर्धा र नीट उमटला की मी लॅपटॉप परत ताईच्या हातात देतो.